पांढऱ्या खांद्यांचा

उंचीनं तो माझ्या छातीपर्यंत येतो. अंग काळं, खांदे पांढरे. रंगाचे पोपडे जागोजाग उडालेले, कारण त्याचं आयुष्य गाडीत चढण्यात आणि गाडीतून उतरण्यात जातं. मानेजवळ पोलादात आकडे ठोकलेले आहेत : त्याचा क्रमांक, रिकाम्या अंगाचं वजन, पोटात किती मावतं त्याचं माप आणि परीक्षेच्या तारखा. ठरावीक वर्षांनी त्याच्या पोटात पाणी भरून दाब वाढवतात आणि पोलाद किती ताणलं जातं ते मोजतात. उतरला तर पुन्हा सेवेत, नाहीतर भंगारात. देशभरातल्या अशा सगळ्यांचे नियम पाहणारं ‘पेसो’ हे सरकारी खातं आपल्या नागपूरलाच आहे.

अजिंठा गावात, जुन्या तटाच्या आत, आमच्या माजघराच्या कोपऱ्यात तो साखळीनं बांधलेला असतो. वैद्यकीय ऑक्सिजनचा जम्बो सिलिंडर. कारखान्यात जाणाऱ्या त्याच्या भावाचं अंग सगळंच काळं असतं. माणसांसाठी येणाऱ्याचेच खांदे पांढरे. खरं तर आमच्याकडे दर वेळी येतो तो दुसराच असतो. रिकामा जातो, भरलेला येतो, आणि भरलेला येतो त्याचा क्रमांक वेगळा असतो. सासूबाई डोळ्यांवर चष्मा चढवून आकडे वाचतात आणि म्हणतात, “हा मागचा नव्हे.” पण काम तेच, उभं राहणं तेच, म्हणून आम्ही सगळ्यांना मिळून एकच मानतो.

तो येतो छत्रपती संभाजीनगरच्या एमआयडीसीतून, फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव करत. आणणारा मुलगा त्याला उचलत नाही. भरलेला सिलिंडर एकट्याला उचलवत नाही. तो त्याला किंचित कलता करतो, एक हात डोक्यावर ठेवतो आणि बुडाच्या कडेवर गरगर फिरवत अंगणातून ओसरीत, ओसरीतून माजघरात आणतो. फरशीवर घुमणारा तो आवाज आला की गल्लीला कळतं, माझा हंगाम सुरू झाला.

घरात त्याचं सोवळं एखाद्या कडक म्हाताऱ्यासारखं आहे. तेलाचा हात त्याला चालत नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले तर भडका उडू शकतो, म्हणून डोक्याला खोबरेल लावलेल्या दिवशी मी आधी साबणानं हात धुते आणि मगच चावी हातात घेते. उदबत्ती, निरांजन, बिडी, काडेपेटी, काही काही त्याच्या आसपास नको. तो आला तेव्हा देवघर माजघरातून उचलून आतल्या खोलीत न्यावं लागलं. सासूबाईंनी कुरकूर न करता देव हलवले. खंडेनवमीला घरातली हत्यारं, शिलाईचं यंत्र, मुलाची सायकल यांच्याबरोबर त्या त्यालाही झेंडूचं फूल वाहतात, पण ओवाळत नाहीत. “याला दिवा सोसत नाही,” असं त्यांनीच नातवंडांना शिकवलं.

तो ज्याच्यासाठी आला, ते दुखणं आता सांगते.

होळीच्या आसपास एका रात्री, झोप लागून तासभर झाला की उजव्या डोळ्याच्या मागे वेदना उठते. पाच-दहा मिनिटांत ती अशी चढते की मला आडवं राहता येत नाही, बसता येत नाही. मी माजघरात येरझारा घालते, भिंतीला कपाळ टेकवते, खांब धरून पुढेमागे हलते. उजवा डोळा लाल होतो आणि वाहतो, उजवीच नाकपुडी चोंदते, उजवीच पापणी उतरते. डाव्या बाजूला काहीही नसतं. कधी पाऊण तास, कधी दोन तास, मग जशी आली तशी जाते आणि दुसऱ्या रात्री त्याच वेळेला परत येते. असं काही आठवडे चालतं आणि एक दिवस थांबतं. उरलेलं वर्ष मी अगदी बरी असते.

डॉक्टर याला क्लस्टर हेडेक म्हणतात. अर्धशिशीचा माणूस अंधारात निपचित पडून राहतो. क्लस्टरच्या माणसाला क्षणभर स्थिर राहवत नाही, आणि या एका खुणेवरून जाणता डॉक्टर दोन्ही वेगळी ओळखतो. एक झटका पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत चालू शकतो आणि दिवसात आठपर्यंत झटके येऊ शकतात. वेळ इतकी नेमकी असते, कारण दुखण्याचा संबंध मेंदूतल्या हायपोथॅलॅमसशी आहे आणि आपलं दिवसरात्रीचं घड्याळ तिथंच चालतं. १९९८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी झटका चालू असतानाच मेंदूचं चित्रण केलं, तेव्हा तोच भाग जागा झालेला दिसला. पुरुषांत हे दुखणं जास्त आढळतं, त्यामुळे बाईला झालं तर ओळखायला आणखी उशीर होतो.

माझंही तसंच झालं. सायनस म्हणून वाफारे झाले, चष्मा बदलला, एक दाढ काढली. शाळेत शिकवण्याचा ताण आहे, असं ऐकलं. नात्यातल्या एकींनी उतारा सुचवला. सगळ्यांत जास्त लागायचं ते सकाळी. रात्री दोनला भिंतीवर डोकं आपटणारी मी सकाळी दहाला फळ्यापाशी उभी असायचे आणि लोक म्हणायचे, “बरी तर दिसतेस.” लोक खोटं बोलत नव्हते. मी खरंच बरी दिसत होते.

या काळात ऑक्सिजनची आणि माझी एक भेट होऊन गेली होती. एका दवाखान्यात झटका चालू असताना नाकात नळी लावून मला दोन लिटरनं ऑक्सिजन दिला होता. काहीही झालं नाही. झटका आपल्या वेळेनं गेला आणि माझ्या कागदावर लिहिलं गेलं, ऑक्सिजनचा उपयोग नाही.

पुढे संभाजीनगरच्या एका मेंदूविकारतज्ज्ञांनी दुखण्याला नाव दिलं, झटके रोखणारं औषध सुरू केलं आणि त्यांच्याच एका जुन्या रुग्णाला विचारून त्या रुग्णाचा फोन नंबर माझ्या हातात ठेवला. भुसावळचे निवृत्त रेल्वे कर्मचारी. मी त्यांना काका म्हणते. पहिल्या फोनवर त्यांनी मला किती दुखतं ते विचारलंच नाही.

“उजवा की डावा?”

“उजवा.”

“माझा डावा. रात्री किती वाजता उठवतो?”

“दीडला.”

“मला दोनला उठवायचा. बोला ताई, आता सगळं सांगा.”

मला काही सांगता आलं नाही. मी नुसती रडत होते आणि ते पलीकडे थांबले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कुणाला काही पटवून द्यायचं नव्हतं.

ऑक्सिजनचा उपयोग नाही, असं मी सांगितल्यावर त्यांनी विचारलं, “किती लिटर? मास्कला पिशवी होती का?” मग तेच म्हणाले, “दोन लिटरनं नाही व्हायचं ताई. बारा ते पंधरा लागतो. नळी नको, पिशवीचा मास्क घ्या, बाहेरची हवा आत येऊ न देणारा. डॉक्टरांना विचारा, ते लिहून देतील.” डॉक्टरांनी छाती तपासली, फुप्फुसांचा जुना आजार नाही याची खात्री केली आणि चिठ्ठी दिली. वैद्यकीय ऑक्सिजन हे औषध आहे, ते चिठ्ठीवरच घ्यावं.

तो पहिल्यांदा घरी आला त्या आठवड्यात काका पहूरवरून एसटीनं, घाट चढून अजिंठ्याला आले. माजघरात त्याच्यासमोर पाटावर बसून त्यांनी मला, नवऱ्याला आणि सासूबाईंना सगळं शिकवलं. रेग्युलेटर लावण्याआधी तोंड क्षणभर उघडून धूळ उडवून टाकायची. चावी हळू फिरवायची. काटा संध्याकाळीच पाहून ठेवायचा, रात्री दीडला नव्हे. पिशवी पूर्ण फुगल्यावर मास्क चढवायचा आणि कडा तळहातानं दाबून धरायच्या. आडवं व्हायचं नाही. खुर्चीच्या कडेवर बसून, कोपरं गुडघ्यांवर टेकून पुढे वाकायचं. श्वास खोल घ्यायचा आणि पूर्ण सोडायचा. वेदना गेल्यावरही पाच मिनिटं मास्क काढायचा नाही. “आणि सगळ्यांत महत्त्वाचं,” काका म्हणाले, “वाट पाहायची नाही. नाकपुडी चोंदली की लगेच त्याच्यापाशी जायचं. एकदा वर चढलेलं दुखणं तोही लवकर उतरवू शकत नाही.”

त्या रात्रीपासून आमची खरी ओळख सुरू झाली. दीडला जाग येते. नवरा चावी फिरवतो. फ्लोमीटरमधली गोळी उड्या मारत पंधरावर जाते, बाटलीतलं पाणी खळखळतं, पिशवी फुगते. त्याच्या देण्याला वास नाही, रंग नाही, चव नाही. पहिली काही मिनिटं काहीच घडत नाही आणि तीच सगळ्यांत कठीण, कारण दुखणं अजून चढत असतं आणि मास्क फेकून द्यावासा वाटतो. मग कुठेतरी चढणं थांबतं. मग डोळ्यातलं पाणी कमी होतं. पंधरा-वीस मिनिटांत वेदना निघून गेलेली असते. मी घामानं भिजलेली असते आणि त्याचं अंग हाताला गार लागतं. प्रत्येक झटक्यात तो जिंकतोच असं नाही. कधी उशिरा लावला तर हरतो, कधी गेलेलं दुखणं तासाभरानं परत येतं. आजार बरा करणं त्याच्या हाती नाही. ती रात्र मात्र तो मला परत देतो.

त्याचं हे कसब कुणाला कळलं, ते मी पुढे वाचलं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या बेयार्ड हॉर्टन यांनी १९३९ मध्ये या दुखण्याचं तपशिलात वर्णन केलं. ऑक्सिजननं आराम पडतो हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. पण त्याची पद्धतशीर परीक्षा घेतली ती कॅलिफोर्नियाच्या डॉ. ली कुड्रो यांनी, १९८१ मध्ये. सात लिटर, पंधरा मिनिटं. चारपैकी तीन रुग्णांना आराम. हे कुड्रो स्वतः क्लस्टरचे रुग्ण होते. २००९ मध्ये लंडनच्या कोहेन, बर्न्स आणि गोड्सबी यांनी रुग्णांना कोणतं ते न सांगता कधी ऑक्सिजन आणि कधी साधी हवा दिली, दोन्ही बारा लिटरनं. पंधरा मिनिटांत ऑक्सिजननं ७८ टक्के झटक्यांत आराम पडला, हवेनं २० टक्क्यांत. म्हणजे गुण मास्कमध्ये किंवा आशेत नाही, ऑक्सिजनमध्येच आहे. पण कुड्रोंपासून काकांपर्यंत पाहिलं तर एक गोष्ट सारखी दिसते : ज्याला दुखलं, त्यानंच पुढच्याला नीट समजावून सांगितलं. माझ्या पहिल्या दवाखान्यात ऑक्सिजन होता, नळी होती, चांगली माणसंही होती. फक्त पंधराचा आकडा आणि पिशवीचा मास्क माहीत असलेला माणूस नव्हता.

त्याची शिदोरी मोजकी आहे. जम्बोच्या पोटात सुमारे सात हजार लिटर ऑक्सिजन मावतो. पंधरा लिटरनं पंधरा मिनिटं धरली तर एका झटक्याला सव्वादोनशे लिटर, म्हणजे तीसेक झटके. छोट्या सिलिंडरमध्ये दीड हजार लिटर. सहा-सात झटक्यांत तो संपतो. हवेतून ऑक्सिजन काढणारं घरगुती यंत्र बहुतेक वेळा पाच लिटरच देतं आणि त्याला वीज लागते. आमच्याकडे वीज गेलेल्या रात्रीही हा काम करतो, म्हणून पसंती त्यालाच.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या लाटेत, हा हिशेब वेगळ्या तऱ्हेनं मांडावा लागला. राज्यभर एकेका सिलिंडरसाठी लोक रात्र-रात्र फिरत होते. विशाखापट्टणमहून टँकर घेऊन रेल्वे नागपूर-नाशिकला आली. माझा हंगाम चालू होता आणि तो नुकताच भरून आला होता. गल्लीतल्या एका आजोबांची ऑक्सिजनची पातळी घसरली होती, रुग्णालयात खाट मिळत नव्हती. माझ्या तीस झटक्यांचा साठा त्यांना तीन लिटरनं दीड दिवसाहून जास्त पुरणार होता. आम्ही साखळी सोडली. नवऱ्यानं त्याला कलता करून, कडेवर फिरवत त्यांच्या ओसरीत नेलं. दुसऱ्या दिवशी सिल्लोडला खाट मिळेपर्यंत तो तिथं होता, आणि आजोबा पुढे बरे होऊन घरी आले.

तो घरी परतला तो जवळजवळ रिकामाच, आणि पुढे बरेच दिवस भरून मिळाला नाही. त्या रात्री मी काकांना फोन लावायचे. दीडला झटका सुरू व्हायचा, दुसऱ्या रिंगला ते उचलायचे. बोलायचं काही नसे. ते मधूनमधून सांगायचे, “दहा मिनिटं झाली. पंचवीस झाली. आता उतार लागेल.” वेदना तसूभरही कमी झाली नाही. पण या दुखण्यात वेदनेच्या शेजारी आणखी एक गोष्ट असते : हे कधीच थांबणार नाही, असं वाटण्याची भीती. त्या भीतीपोटी माणसं जिवाचं बरंवाईट करून घेण्याच्या टोकाला जातात. इंग्रजीत या दुखण्याला पडलेलं एक नाव आत्महत्येवरूनच आहे. ती भीती त्या रात्रींत मला शिवली नाही. कारण फोनच्या पलीकडचा माणूस असल्या शेकडो रात्री काढून जिवंत होता आणि मला मिनिटं मोजून देत होता. पांढऱ्या खांद्यांच्या सोबत्याचं निम्मं काम इतके दिवस काकाच करत होते, हे मला तेव्हा उमगलं.

दर वर्षी मी मुलांना घेऊन लेणी पाहायला जाते. चौथ्या लेण्यात, दाराशेजारी, अवलोकितेश्वराची मूर्ती आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना संकटात सापडलेली माणसं कोरलेली आहेत. कुणामागे हत्ती लागला आहे, कुणामागे सिंह, कुणाला आगीनं घेरलंय. आठ महाभयांतून तारणारा तो. मुलं हत्ती मोजतात, मी ती धावणारी माणसं पाहते. मुलांना मी तिथं विनयपिटकातली एक गोष्ट सांगते. एक भिक्खू पोटाच्या दुखण्यानं स्वतःच्याच घाणीत पडून होता. त्याचा कुणाला उपयोग नव्हता, म्हणून त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं. बुद्धानं आनंदाला बरोबर घेऊन त्याला आपल्या हातांनी धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं. मग सगळ्या भिक्खूंना बोलावून सांगितलं, की तुम्ही घरदार सोडून आलात, इथं तुमची आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांना पाहिलं नाही तर कोण पाहणार? वाघूर नदीच्या त्या वळणावर माणसांनी शतकानुशतकं ज्या विहारांत दिवस काढले, ते या नियमावर. रात्री दीडला जागं असणाऱ्या आम्हा लोकांनाही हाच नियम लागू पडतो.

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर पडलेली माणसं नव्यानं येणाऱ्यांना हात देतात. पुण्यातच पार्किन्सन्सचे रुग्ण आणि त्यांची घरची माणसं मित्रमंडळ करून एकमेकांना सांभाळतात. क्लस्टरचे रुग्ण विखुरलेले असतात, म्हणून त्यांचं मंडळ जमत नाही. पण ते थोडे नाहीत. जगभरातल्या अभ्यासांतून हजार माणसांत साधारण एकाला हे दुखणं आयुष्यात कधीतरी होतं, असं दिसतं. आमच्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३७ लाख होती. तोच अंदाज इथं धरला तर साडेतीन हजारांहून अधिक माणसं याच जिल्ह्यात असतील. त्यांतली किती जण आज सायनसची गोळी घेत असतील, किती दाढा विनाकारण निघाल्या असतील!

आता मलाही फोन येतात. डॉक्टर विचारून माझा नंबर देतात. गेल्या हंगामात सोयगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरी मी नवऱ्याबरोबर गेले. कोपऱ्यात नवाकोरा सिलिंडर उभा होता आणि घरातलं कुणी त्याच्याजवळ जात नव्हतं. त्याच्यासमोर बसून मी काकांनी शिकवलं तेच शिकवलं. शेतकऱ्याच्या बायकोनं साबणानं हात धुतले, चावी फिरवली, गोळी पंधरावर नेली आणि म्हणाली, “एवढंच?” एवढंच. पण हे एवढं कुणी न सांगितल्यामुळे तिच्या माणसाची कित्येक वर्षं गेली होती.

म्हणून हे लिहिलं. ज्यांना रात्री ठरलेल्या वेळी एकाच डोळ्यामागे दुखतं, तोच डोळा वाहतो आणि ज्यांना त्या वेळी स्थिर बसवत नाही, त्यांनी मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावं, झटक्यांची वेळ वहीत लिहून न्यावी आणि ऑक्सिजनबद्दल स्वतःहून विचारावं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर नुसतं ‘ऑक्सिजन’ न लिहिता लिटर, मिनिटं आणि मास्कही लिहावा, आणि एखाद्या जुन्या रुग्णाशी नव्याची गाठ घालून द्यावी. पांढऱ्या खांद्यांचा हा भला गडी पैसे मोजून घरी आणता येतो. त्याच्याशी ओळख करून देणारं माणूस मात्र विकत मिळत नाही; ते आम्हालाच व्हावं लागतं, ज्यांना हे दुखलं आहे त्यांना.